उदराची रोजकीर्द

इंदूर नगरीत जठराग्नीला विश्रांती फारशी लाभत नाही. प्रातःकाळी वाफेवर तापत ठेवलेले पोहे, त्यांवर शेव, कांदा आणि जिरावणाची चिमूट, शेजारी जिलबी. दुपारी घरचे वरणभात किंवा दालबाफले. सायंकाळी छप्पन दुकान ही खाऊगल्ली. आणि रात्री सोन्याचांदीच्या पेढ्यांना कुलुपे लागल्यानंतर त्याच पेढ्यांच्या दारांशी मांडला जाणारा सराफ्याचा बाजार, जेथे मध्यरात्रीही भुट्ट्याचा कीस, दहीवडा, साबुदाण्याची खिचडी आणि थंडीच्या दिवसांत तळलेले गराडू यांना गिऱ्हाईक असते. होळकरशाहीत माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हा आहार इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की, पोट बिघडले म्हणजे दोष नेमका कोणत्या पदार्थाच्या माथी मारावा, हे त्यांना सहसा सांगता येत नाही.

हीच अडचण वैद्यकाच्या दालनात उभी राहते. ‘कधीपासून दुखते? जेवणापूर्वी की नंतर? शौचास झाल्यावर उतार पडतो का?’ असे डॉक्टरांनी विचारावे, आणि रोग्याने ‘नेहमीच दुखते’ किंवा ‘बाहेरचे खाल्ले की दुखते’ एवढीच जबानी द्यावी, हा अनुभव सार्वत्रिक आहे. रोगी असत्य बोलत नसतो. परंतु स्मृती ही मोठी पक्षपाती साक्षीदार असून, सर्वांत तीव्र कळ आणि सर्वांत अलीकडची कळ एवढ्याच दोन गोष्टी ती ठळकपणे जपते, आणि मधले निरामय दिवस बिनदिक्कत गाळून टाकते. शिवाय अन्नाचा प्रवास दीर्घ असतो. तोंडातून गुदद्वारापर्यंत पोहोचण्यास त्याला सामान्यतः एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे आजच्या अस्वस्थतेचा आरोप नुकत्याच खाल्लेल्या कचोरीवर ठेवणे पुष्कळदा अन्यायाचे ठरते.

या पक्षपातावर उपाय म्हणजे उदराची रोजकीर्द. जुन्या दफ्तरातील कारकून व्यवहार घडताच तो तारीखवार कीर्दीत उतरवी आणि खातेनिहाय खतावणी सवडीने करी. रोग्यानेही घडले ते घडल्या वेळीच टिपावे आणि कार्यकारणाचा निवाडा मागाहून होऊ द्यावा. काय खाल्ले आणि किती, केव्हा खाल्ले, चहा किती वेळा झाला, झोप कशी लागली, मनावर कसला ताण होता, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचा दिवस कोणता, वेदना पोटाच्या कोणत्या भागी उठली, शून्य ते दहा या मापाने तिची तीव्रता किती आणि ती किती वेळ टिकली, असा तपशील त्यात असावा. औषधांची नोंद तर अवश्य हवी, कारण वेदनाशामक गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही पोटाच्या तक्रारींची परिचित कारणे आहेत. मलाचे स्वरूप लिहिण्याचा संकोच नको. ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे तयार झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजपट्टीत सुट्या कठीण खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत त्याचे सात प्रकार केलेले असल्यामुळे तेथे केवळ आकडा लिहिला तरी भागते.

अशा नोंदीत पदार्थाचे नाव पुरेसे नसते, त्याचे घटकही लागतात. भुट्ट्याच्या किसाने पोट फुगते म्हणून मक्याला दोषी ठरवणाऱ्याने तो कीस दुधात शिजवलेला असतो हे ध्यानात घ्यावे. आणि इंदुरी शिकंजी ही लिंबाचे सरबत नसून दुधाचे घट्ट पेय असल्याने, तिच्यानंतरही तोच त्रास नोंदला गेला असेल, तर संशय दुधातील शर्करेकडे, अर्थात लॅक्टोजकडे, वळतो. पोह्यांवरचा कच्चा कांदा आणि शेवेतील बेसन यांतही लहान आतड्यात पुरती न शोषली जाणारी कर्बोदके असतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू ती आंबवतात, वायू निर्माण होतो आणि संवेदनशील आतड्याला त्याचा उपद्रव होतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने याच तत्त्वावर विकसित केलेल्या आहारपद्धतीत असे पदार्थ काही आठवडे वर्ज्य करून मग एकेक परत घेतात, आणि ही परतीची परीक्षा नोंदीवाचून निरर्थक ठरते. हा विचार आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात रोगज्ञानाच्या पाच साधनांत उपशयाची गणना असून, कोणत्या आहाराने, औषधाने वा विहाराने बरे वाटते, यावरून रोगाचा अंदाज बांधावा, असा त्याचा आशय आहे.

आधुनिक निदानही दिवसांचा हिशेब मागते. क्षोभी आतड्याच्या, म्हणजे आयबीएसच्या निदानासाठी २०१६ च्या रोम निकषांनुसार, गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी असावी, तिचा संबंध शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतील बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी, यांपैकी किमान दोहोंशी असावा, आणि तक्रारीचा आरंभ निदान सहा महिन्यांपूर्वीचा असावा. ‘नेहमीच दुखते’ या उत्तरावरून यांपैकी काहीच ठरत नाही.

तथापि या कीर्दीची मर्यादाही ओळखली पाहिजे. उत्क्रांतिवादाचा प्रणेता चार्ल्स डार्विन आयुष्याचा बराच काळ वांती आणि वायू यांनी गांजलेला होता. १८४९ पासून १८५५ पर्यंत त्याने आपल्या प्रकृतीची दैनंदिन नोंद ठेवली आणि बऱ्या दिवसांवरही निराळी खूण केली. पण त्याच्या व्याधीचे स्वरूप आजही विद्वानांच्या वादाचा विषय आहे. नोंद पुरावा गोळा करते, निवाडा देत नाही. शिवाय अहोरात्र पोटाकडे कान लावून बसणाऱ्यास प्रत्येक गुरगुर संकटाची चाहूल वाटू लागते आणि तो एकेक पदार्थ सोडीत अखेर कुपोषणाच्या वाटेला लागतो. म्हणून नोंदीला मुदत असावी. दोन ते चार आठवडे बहुधा पुरतात.

काही लक्षणांना मात्र ही मुदतदेखील देऊ नये. मलावाटे रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय, गिळताना अडथळा, झोपेतून उठवणारी वेदना वा जुलाब, आणि पन्नाशीच्या सुमारास वा त्यानंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार, यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी. इतरांनी मुदत संपताच साऱ्या पानांचा एका कागदावर मावेल एवढा गोषवारा काढावा: त्रासाचे दिवस किती, निर्वेध दिवस किती, आणि पदार्थ व त्रास यांची कोणती जोडी पुनःपुन्हा आढळली. तो घेऊन डॉक्टरांपुढे बसणाऱ्या रोग्याची पहिली पाच मिनिटे आठवण्यात जात नाहीत. ती तपासणीच्या आणि उपचाराच्या विचाराला मिळतात.