शेजाऱ्याची जलवाहिनी, आपली जमीन

पनवेल तालुक्यात शेती आणि वस्ती एकमेकींना खेटून असल्यामुळे शेजाऱ्याची जलवाहिनी स्वतःच्या जमिनीतून जाऊ द्यावी का, हा प्रश्न कोणत्याही खातेदारापुढे उभा राहू शकतो. ‘सुविधाधिकार’, म्हणजे एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला मर्यादित हक्क, मालकी देत नाही. तो जमिनीला चिकटतो आणि खरेदीदारावरही सामान्यतः बंधनकारक राहतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार सलग २० वर्षे उघडपणे, शांततेने व हक्क म्हणून केलेल्या वापरातूनही तो निर्माण होतो. परवानगीने झालेला वापर मात्र यात मोडत नाही, म्हणून तोंडी होकारापेक्षा लेखी परवानगी बरी. तरीही परवानगीवर विसंबून शेजाऱ्याने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर कलम ६० मुळे ती मागे घेता येत नाही. शेजारधर्मापायी दिलेला होकार अनेकदा इथेच अडकतो. कायम हक्कच द्यायचा असेल, तर मार्ग, रुंदी, दुरुस्तीची जबाबदारी आणि मोबदला नमूद करून दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. शेतीच्या पाण्यासाठी नकार मिळाल्यास शेजारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करू शकतो.