मनातली खतावणी

एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक साधा प्रश्न विचारला. नाटकाचं तिकीट दहा डॉलरचं. दारात पोचल्यावर लक्षात येतं, की दहा डॉलरची नोट हरवली आहे. तरी तिकीट काढाल? ८८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या गटाला सांगितलं, की आधी काढलेलं तिकीटच हरवलं आहे. ते पुन्हा काढायला फक्त ४६ टक्के तयार झाले.

दोन्हीकडे नुकसान दहाच डॉलरचं. मग फरक का पडला? कारण मन प्रत्येक खर्च कुठल्या तरी खात्यावर टाकतं. हरवलेली नोट किरकोळ नुकसानीत जाते. हरवलेलं तिकीट मात्र ‘नाटक’ या खात्यावर पडतं. दुसरं काढलं की त्या खात्यावर वीस डॉलर दिसतात आणि नाटक महाग वाटू लागतं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी या सवयीला ‘मेंटल अकाउंटिंग’ म्हटलं. २०१७चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

ही खाती आपल्या घरातही असतात आणि त्यांची किंमत मोजावी लागते. समजा, मुलीच्या शिक्षणासाठी एक लाखाची एफडी आहे, सात टक्के व्याजाची. त्याच वेळी क्रेडिट कार्डाची एक लाखाची थकबाकी आहे, महिना तीन टक्क्यांनी. साध्या हिशेबानेही वर्षाला सात हजार येतात आणि छत्तीस हजार जातात. एफडी मोडून थकबाकी फेडली, तर एकोणतीस हजार वाचतील. मुदतीआधी मोडल्याचा दंड त्यापुढे किरकोळ असतो. तरी हात धजावत नाही, कारण ‘ते पैसे शिक्षणाचे’. वाचलेल्या पैशातून ते खातं लवकर पुन्हा भरता येईल, हे सुचतच नाही.

म्हणून खाती पुसून टाकावीत का? नाही. किराणा, फी, औषधपाणी यांचे पैसे वेगळे ठेवल्यानेच अनेक घरं महिनाअखेर तग धरतात. फक्त मोठा निर्णय घेताना सगळी खाती एकत्र मांडून घराची एकूण बेरीज पाहावी.

मनाच्या या कलाचा उपयोगही करून घेता येतो. हातातलं काही कमी झालं, की आपल्याला फार लागतं. म्हणून पगारातून बचत वाढवणं जड जातं. थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी एका अमेरिकन कंपनीत कामगारांना सुचवलं, की बचत आज नको, पुढची पगारवाढ होईल तेव्हा वाढवू. हातात येणारी रक्कम घटत नसल्याने बहुतेकांनी होकार दिला. योजनेत आलेल्यांची बचत चाळीस महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली.

आपल्याकडे दरवर्षी आपोआप हप्ता वाढवणारी ‘स्टेप-अप एसआयपी’ हेच काम करते. ती वाढ पगारवाढीच्या महिन्याला जोडावी, म्हणजे वाढीव पैसा खर्चाच्या खात्यावर पडण्याआधीच बचतीत जातो.