छाती न उघडता झडप : कुणासाठी, कोणत्या वयात?

नांदेड-लातूरकडे बोलायला उभं राहिलं की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : "छाती न उघडता झडप बदलतात म्हणे, मग आमच्या लेकीचं ऑपरेशन कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. वय किती, आणि बिघडलेली झडप कोणती?

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिये यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन महाधमनीची झडप पहिल्यांदा बसवली. हीच टॅव्ही. म्हातारपणी ही झडप कॅल्शियम साचून कडक होते. पूर्वी ऐंशीतल्या अनेक आजोबांना "ऑपरेशन झेपणार नाही" म्हणून परत पाठवत. आता त्यांनाही उपचार मिळतो. २०१९ साली अमेरिकेत टॅव्हीची संख्या शस्त्रक्रियांच्या पुढे गेली. तरीही तिथल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात : पासष्टच्या आत साधारणपणे शस्त्रक्रिया, ऐंशीच्या पुढे टॅव्ही, मधल्या वयात दोन्हींचा विचार.

असं का? टॅव्हीची झडप प्राण्यांच्या हृदयावरणापासून बनवतात. अशा झडपा साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजतात. पंचाहत्तरीत तेवढं पुरतं, तिशीत पुरत नाही.

शिवाय आपल्याकडच्या तरुण रुग्णाचा आजार बहुधा वेगळाच असतो. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, रुमॅटिक फीवर झाला, आणि पुढं मायट्रल झडप चिकटून अरुंद झाली. तिथं टॅव्हीचा उपयोग नाही. झडप मऊ असेल, फारशी गळत नसेल, तर फुग्यानं उघडता येते, जपानच्या डॉ. कांजी इनोऊए यांनी हे १९८२ मध्ये सुरू केलं. नाहीतर शस्त्रक्रियाच. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती गर्भाला बाधू शकते, म्हणून लेकीला पुढं मूल हवं असेल तर ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगा.

पैशाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्यात बसते. ही योजना २०१२ मध्ये जुन्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं.

थोडक्यात, शस्त्रक्रिया संपलेली नाही. वयानुसार तिची जागा बदलली. आणि ज्या पोराला हा ताप येऊन गेलाय, त्याचं दर तीन-चार आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवू नका. झडप बदलण्याची वेळच येऊ नये, याचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे.