खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील शैवाल-कप्पा : निगा व काढणी

शोभिवंत मत्स्यपालनाचा जोडधंदा करणारे शेतकरी खाऱ्या पाण्यातील क्लाऊन, डॅमसेल यांसारख्या माशांकडे वळतात, तेव्हा पहिली अडचण येते ती पाण्यात साठत जाणाऱ्या नायट्रेटची. गोड्या पाण्याच्या टाकीत पाणी बदलून भागते; समुद्राचे पाणी वारंवार आणणे किंवा मीठ विरघळवून तयार करणे मात्र खर्चाचे पडते. यावर सोपा उपाय म्हणजे मुख्य टाकीला जोडलेला समुद्रशैवालाचा लहान कप्पा. यालाच रिफ्यूजियम म्हणतात. या कप्प्याकडे उभे पीक म्हणून पाहावे. पिकाप्रमाणेच त्याला प्रकाश, अन्नद्रव्ये आणि वेळेवर काढणी लागते.

नत्राचा हिशेब

समजा, २०० लिटरच्या टाकीत आपण रोज १ ग्रॅम खाद्य टाकता आणि त्यात ५० टक्के प्रथिने आहेत. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते, म्हणजे रोज ०.०८ ग्रॅम नत्र पाण्यात जाते. ते सर्व नायट्रेटमध्ये रूपांतरित झाले तर दर लिटरला रोज सुमारे १.८ मिलिग्रॅम वाढ होईल. काही भाग माशांच्या वाढीत जातो, तरीही महिनाभरात साठा बराच होतो. ढोबळ मानाने १०० ग्रॅम ओल्या शैवालात ०.३ ग्रॅम नत्र असते. म्हणजे तेवढे शैवाल बाहेर काढले की जवळजवळ चार दिवसांच्या खाद्यातील नत्र टाकीबाहेर जाते. शैवाल नुसते वाढून हे साधत नाही, ते काढावे लागते.

शैवालाची निवड

नवीन माणसाने कीटोमॉर्फा निवडावे. ते काथ्याच्या गुंत्यासारखे दिसते, दगडाला चिकटत नाही आणि हाताने सहज काढता येते. लाल रंगाचे ग्रासिलारिया सावकाश वाढते, पण माशांना खाद्य म्हणून उपयोगी पडते. कॉलर्पा फार जोमाने वाढते. मात्र त्याचे संपूर्ण झाड म्हणजे एकच प्रचंड पेशी असते. अनुकूल परिस्थिती बिघडली की ते आपला सर्व जीवरस प्रजननासाठी पाण्यात सोडते व स्वतः पांढरे पडून मरते. पाणी दुधाळ हिरवे होते, साठवलेली अन्नद्रव्ये परत येतात, प्राणवायू घटतो आणि सकाळपर्यंत मासे दगावू शकतात.

प्रकाश, पाणी व तापमान

दिवसाच्या उजेडासारखा पांढरा एल.ई.डी. दिवा १० ते १४ तास लावावा. हा दिवा मुख्य टाकीतील दिवे बंद असताना, म्हणजे रात्री लावणे चांगले. रात्री श्वसनामुळे पाण्यात कर्ब वायू वाढतो व सामू घसरतो. शैवाल त्या वेळी कर्ब वायू घेत राहिल्यास ही घसरण कमी होते.

शैवालाचा गुंता संथपणे कलंडत राहील इतका प्रवाह ठेवावा. एकाच जागी पडलेल्या गुंत्याचा आतला भाग अंधारात कुजतो. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ राखावे. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून घट नेहमी गोड्या पाण्यानेच भरावी. लहान टाकीत हा फरक लवकर पडतो, तेव्हा उन्हाळ्यात रोज पाहावे. तापमान शक्यतो २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. पावसाळ्यात खाडीमुखाजवळचे पाणी आणू नये, कारण नदीच्या पाण्याने त्याची क्षारता उतरलेली असते.

अन्नद्रव्ये

नायट्रेट अगदी शून्यावर आणण्याचा अट्टहास करू नये. दर लिटरला नायट्रेट ५ ते १० मिलिग्रॅम व फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम असल्यास पीक व माशांचा मेळ बसतो. नत्र किंवा स्फुरद यांपैकी एक जरी संपले तरी दुसरे उचलले जात नाही. समुद्राच्या पाण्यात पालाश दर लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम असते, त्याची सहसा चिंता नको. लोह मात्र लवकर साक्यात बसते. ते मत्स्यटाकीसाठीच्या चिलेटेड स्वरूपात अत्यल्प प्रमाणात द्यावे. शेतातील सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण कदापि वापरू नये, कारण त्यात तांबे व जस्तही असते. बोर्डो मिश्रणाची बादली किंवा फवारणीचा पंपही टाकीजवळ आणू नये. तांबेयुक्त औषधाने शैवाल, कोळंबी व प्रवाळ मरतात.

लक्षणे ओळखा

१. सर्वत्र फिकट पिवळेपणा : नत्र किंवा लोह कमी.
२. तंतूंवर तपकिरी थर : प्रवाह अपुरा, गुंता टाकीच्या पाण्यात हलवून धुवावा.
३. तुकडे होऊन विरघळणे : प्रकाश कमी, तापमान जास्त किंवा क्षारतेत अचानक बदल.
४. कॉलर्पाची टोके काचेसारखी पारदर्शक : ताबडतोब सर्व शैवाल काढून टाकावे, हवेचा पंप जोरात लावावा व थोडे पाणी बदलावे.

काढणी व विल्हेवाट

दर दोन ते तीन आठवड्यांनी एक तृतीयांश शैवाल काढावे व त्याचे वजन वहीत लिहावे. वजन घटू लागले की दुखणे डोळ्यांना दिसण्याआधीच समजते. सर्व शैवाल एकदम काढू नये. पंपाच्या तोंडाला जाळी बसवावी.

काढलेले शैवाल गोड्या पाण्याने धुऊन कंपोस्ट खड्ड्यात टाकावे. ओढ्यात, खाडीत किंवा समुद्रात टाकू नये. कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही मत्स्यालयातील जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ भूमध्य समुद्रात आढळली व पुढे दूरवर पसरली. तीच जात २००० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका खाजणात सापडली, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ती मारावी लागली. निर्मूलन झाल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. एका मुठीएवढ्या तुकड्यापासूनही असे संकट उभे राहू शकते.

वरीलप्रमाणे निगा राखल्यास पाणी बदलण्याचा खर्च कमी होईल व मासे निरोगी राहतील. दिवा, प्रवाह व पाण्याची पातळी रोज पाहावी, नायट्रेटची तपासणी दर आठवड्याला करावी आणि काढणी कधीही लांबवू नये.