ससा गप्प बसला म्हणजे सुखावला असे नव्हे

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी – सदनिकेत कुत्रा पाळणे अनेक कुटुंबांना जमत नाही. ससा भुंकत नाही, त्याला फिरवायला न्यावे लागत नाही आणि मुलांना तो आवडतो, म्हणून त्याला घरी आणले जाते. पहिल्याच दिवशी घरातील प्रत्येक जण त्याला उचलून मांडीवर घेतो, कुरवाळतो. ससा हलत नाही, ओरडत नाही. त्यामुळे तो लाडावला असा समज होतो. प्रत्यक्षात अनेकदा तो भीतीने थिजलेला असतो. कुरवाळणे आणि केस विंचरणे सशाला आवडू शकते. मात्र ते कोठे, केव्हा आणि कसे करावे, हे ठाऊक नसेल तर लाडाची परिणती दुखापतीत होऊ शकते.

भीतीचे मूळ

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द असला तरी प्राणी दोन आहेत. मराठवाड्याच्या माळरानावर दिसणारा रानससा वेगळा. त्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये संरक्षण असून तो घरी पाळता येत नाही. पाळीव ससा हा युरोपात बिळे खोदून गटाने राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. दोघांनाही निसर्गात अनेक शत्रू आहेत. त्यामुळे वरून अचानक आलेला हात सशाला शिकारी पक्ष्याच्या झडपेसारखा वाटतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. मात्र नाकाच्या अगदी समोरचे दिसत नाही. नाकासमोर एकदम हात नेल्यास तो दचकतो, प्रसंगी चावतो. त्यामुळे जमिनीवर बसून, बाजूने हात पुढे करून, आधी त्याला वास घेऊ देणे श्रेयस्कर.

कपाळ, गाल आणि कानांमागे

गटात राहणारे ससे एकमेकांचे डोके आणि चेहरा चाटून स्वच्छ करतात. ज्याला चाटून घ्यायचे असते तो डोके खाली करून जमिनीला टेकवतो. पाळीव ससाही माणसापुढे तसेच करतो. कपाळ, गाल आणि कानांमागील भागावर केसांच्या दिशेने हळुवार हात फिरवलेला बहुतेक सशांना आवडतो. हनुवटी, पोट, पाय आणि शेपटी या जागा मात्र टाळाव्यात. ससा पहाटे आणि सायंकाळी अधिक चपळ असतो. दुपारच्या विश्रांतीत त्याला उठवून लाड करू नयेत.

उताणे निजवण्याचा गैरसमज

नखे कापण्यासाठी किंवा गंमत म्हणून सशाला पाठीवर उताणे निजवले जाते. तो निपचित पडतो आणि त्याला ‘गुंगी’ लागली असे मानले जाते. ब्रिटनमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या ॲन मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या अवस्थेचा अभ्यास मांडला. ती विश्रांती नसून भीतीची प्रतिक्रिया असल्याचे त्यातून दिसून आले. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखे पडून राहणे, हा सशाचा अखेरचा बचाव असतो.

उचलतानाही तितकीच काळजी हवी. सशाच्या हाडांचे वजन शरीराच्या अवघे सात ते आठ टक्के असते, मागचे पाय मात्र अत्यंत ताकदवान असतात. हातातून सुटण्यासाठी त्याने जोराने लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली आणि दुसरा पार्श्वभागाखाली घालून त्याला अंगाशी धरावे. कान धरून कधीही उचलू नये. लहान मुलांनी त्याला उचलण्याऐवजी जमिनीवर बसूनच कुरवाळावे.

केसांची निगा

ससा स्वतःचे अंग सतत चाटतो. त्यात गळालेले केस पोटात जातात आणि मांजराप्रमाणे त्याला ते ओकून टाकता येत नाहीत. आहारात पुरेसे गवत असेल तर ते पुढे सरकतात. मात्र गवत व पाणी कमी पडले, किंवा भीती व वेदनेचा ताण आला, की आतड्यांची हालचाल मंदावते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून एरवी आठवड्यातून एकदा आणि केस झडण्याच्या काळात रोज मऊ ब्रशने विंचरावे. अंगोरासारख्या लांब केसांच्या जातींना ते नेहमीच रोज लागते. सशाची त्वचा पातळ असते. त्यामुळे केसांचा गुंता ओढू नये किंवा घरी कात्री चालवू नये. आंघोळही घालू नये. दाट केस लवकर वाळत नाहीत आणि पाण्याच्या धसक्याने ससा दगावूही शकतो.

ऊन आणि पाऊस

शहराचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. अशा दुपारी त्याला मांडीवर घेऊन बसणे म्हणजे त्याच्या उकाड्यात भर घालणे होय. त्याला गार, हवेशीर खोलीत ठेवावे. जवळ कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवल्यास तो हवे तेव्हा तिला टेकून बसतो. पावसाळ्यात शेपटीखालचे केस रोज तपासावेत. तेथे घाण राहिल्यास माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होऊ शकतात.

खुणा ओळखा

आवडल्याच्या खुणा : डोळे अर्धवट मिटणे, दातांवर दात हळूच घासणे, अंग सैल सोडून कुशीवर पडणे, हात थांबताच नाकाने ढुशी देणे.

भीतीच्या खुणा : डोळे विस्फारणे, अंग आखडून जमिनीला चिकटणे, कान पाठीशी घट्ट दाबणे, मागचा पाय आपटणे, गुरगुरणे.

दुखण्याच्या खुणा : दात जोरात खाणे, पाठ वाकवून कोपऱ्यात बसणे, अन्न सोडणे, लेंड्या बंद होणे. सशाने १२ तास काही खाल्ले नसेल तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे.

हात फिरवताना मध्येच थांबून पाहावे. ससा जवळ आला तर पुढे चालू ठेवावे, दूर सरकला तर त्याला जाऊ द्यावे. आपल्याला जाऊ दिले जाते, हे कळलेला ससाच पुढे आपणहून जवळ येऊन बसतो.