स्त्रियांमधील कर्करोग : जोखीम कोणती आणि आपल्या हाती काय?

कर्करोगाचे निदान होताच कुटुंबात पहिला प्रश्न उमटतो, 'हिच्याच वाट्याला हे का आले?' अनेकदा उत्तर स्त्रीच्या वागण्यात किंवा नशिबात शोधले जाते. वैद्यकशास्त्र मात्र 'जोखीम घटक' सांगते. असा घटक रोगाची शक्यता वाढवितो. तो असला म्हणजे रोग होतोच असे नाही आणि नसला म्हणजे होणारच नाही, असेही नाही.

भारतीय स्त्रियांमध्ये आज स्तनाचा कर्करोग प्रथम क्रमांकावर असून त्याखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो. वाढते वय, आई वा बहिणीस झालेला स्तनाचा कर्करोग, लवकर आलेली किंवा उशिरा थांबलेली मासिक पाळी हे घटक बदलता येत नाहीत. पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान मात्र टाळता येते. बाळाला अंगावर पाजल्याने मातेची जोखीम काहीशी घटते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घ संसर्गात आहे. लैंगिक संबंधातून पसरणारा हा विषाणू अत्यंत सामान्य असून पतीकडूनही येतो. म्हणून या रोगाचा संबंध स्त्रीच्या चारित्र्याशी जोडणे अन्यायाचे आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यात कर्करोग होण्यास सामान्यतः १५ ते २० वर्षे लागतात. अल्पवयातील विवाह, अनेक बाळंतपणे, धूम्रपान व एचआयव्ही संसर्ग यांमुळे धोका वाढतो. आपल्या भागातील स्त्रिया दातांना लावतात ती मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच होय; ती तोंडाच्या कर्करोगास निमंत्रण देते.

ही १५ ते २० वर्षे म्हणजे आपल्याला मिळालेली संधी आहे. तिचा उपयोग कसा करावा, हे शेजारच्याच जिल्ह्याने दाखविले. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील गावांमध्ये ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच देऊ केली गेली, तेथे या कर्करोगाचे मृत्यू अशी तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. हा लाभ शेतात राबणाऱ्या मराठवाड्यातील स्त्रियांचा होता, हे विशेष.

म्हणून तिशीनंतर प्रत्येक स्त्रीने त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी. मुलींना नवव्या वर्षापासून एचपीव्हीची लस देता येते. स्तनात गाठ, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, तोंडातील न भरणारी जखम ही लक्षणे लपवू नयेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे.

जळकोट परिसरातील वाडी-तांड्यांवरील स्त्रीला तपासणीसाठी दिवसाची मजुरी व गाडीभाडे दोन्ही मोजावे लागते. देणगीदारांचे साहाय्य तिथे उपयोगी पडते आणि कुटुंबीयांची सोबतही. पती, मुलगा वा सासूने 'चल, मी बरोबर येतो', 'मी बरोबर येते' एवढे म्हटले, तरी तिच्यासाठी निम्मा रस्ता सोपा होईल, अशी आमची नम्र धारणा आहे.