पोटाचा कॅन्सर: ‘इंटेस्टाइनल’ की ‘डिफ्यूज’?

पोटाचा, म्हणजे जठराचा कॅन्सर म्हटलं की आपला पहिला प्रश्न असतो, स्टेज कोणती? पण बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आणखी एक शब्द असतो, ‘इंटेस्टाइनल’ किंवा ‘डिफ्यूज’. तोही बघा. हे प्रकार फिनलंडच्या पेक्का लॉरेन यांनी १९६५ मध्ये मांडले.

इंटेस्टाइनलमध्ये पेशी एकत्र राहतात, त्यांची गाठ होते. एच. पायलोरी जिवाणूच्या जुन्या संसर्गाशी याचा संबंध जास्त.

डिफ्यूजमध्ये पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं प्रथिन अनेकदा बिघडलेलं असतं. पेशी सुट्या होऊन जठराच्या भिंतीत पसरतात. गाठ दिसेलच असं नाही, त्यामुळे एंडोस्कोपीतही तो कधीकधी निसटतो. खरी डोकेदुखी हीच! घरात कुणाला कमी वयात हा प्रकार झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही कुटुंबांत सीडीएच-१ या जनुकातला दोष पुढच्या पिढीत उतरतो आणि तो रक्ततपासणीत कळू शकतो.